श्वास कापणारा

वारा लिएपायात जन्मतो, असं इथले लोक म्हणतात.
म्हणून स्टुडिओची खिडकी तीन काचांची,
तरी ऑक्टोबर लागला की तो आत येतोच,
रेकॉर्डिंगच्या तळाशी बारीक सुर्र करत.

माझं काम, अंधांसाठी वाचलेल्या पुस्तकांतून
श्वास कापणं.
ओठांची चपचप, पानांची सळसळ, खुर्चीची कुरकुर,
पोटातली गुरगुर (वेल्टा जेवायचं विसरते).
सत्तावीस वर्षांचे हे कापलेले श्वास एकापुढे एक जोडले
तर एखादा माणूस महिनाभर जगेल त्यांवर.

या आठवड्यात जाडजूड कादंबरी आहे.
नायिकेला नैराश्य आहे आणि ते तिला शोभून दिसतं.
ती खिडकीशी बसते, चहा निवतो,
धुकं अगदी वेळेवर पडतं,
आणि तिला इतकी नेमकी वाक्यं सुचतात
की मला हेवा वाटतो.

माझ्याकडे त्या वर्षी एकही वाक्य नव्हतं.
सिंकमध्ये पातेलं होतं, पातेल्यात बिटाचं सूप,
त्यावर आधी साय, मग लव, मग रान.
विजेचं बिल, पाकिटातच.
दात घासायला न्हाणीघर चार पावलांवर,
आणि एवढा घाट चढणार कोण.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दुःखी आहात का?
म्हटलं, नाही हो, जड आहे.
हे कुठल्या प्रकरणात घालायचं?
पानंच्या पानं काही घडत नाही,
संपादकाची कात्री पहिली इथेच चालणार.
ती कात्री मला ओळखीची आहे.

प्रकरण अकरा. नायिकेला तिचं दुसरं आयुष्य दिसतं.
त्यात ती पियानो वाजवते, टाळ्या पडतात.
न जगलेल्या आयुष्यांत टाळ्या फार पडतात.
तिथे दाढदुखीनं कोणी रात्र काढत नाही.

माझं न जगलेलं आयुष्य मला तारखेसकट माहीत आहे.
एक्याण्णवचा सप्टेंबर, स्वीडनला निघालेली बोट,
कठड्याशी भाऊ गुंतिस, त्याच्या हातात माझंही तिकीट.
आई आजारी होती, असं मी सगळ्यांना सांगतो.
आई त्या दिवशी शेतात बटाटे काढत होती,
ठणठणीत.

पान एकशे सत्याऐंशी.
‘मी तेव्हा जर’ एवढं वाचून वेल्टा थांबली.
काचेपलीकडे तिनं चष्मा काढला,
पुसला नाही, नुसता धरून ठेवला.
एकोणीस सेकंद.
मग ‘गेले असते’, आवाज न बदलता.

मी विचारलं नाही. आमच्यात तसं नाही.
आम्ही हवेबद्दल बोलतो,
आणि बाजारातल्या धुरावलेल्या माशांच्या भावाबद्दल.

नियम आहे, दोन सेकंदांवरची शांतता कापा,
ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं.
मी कर्सर तिथे नेला. हेडफोनमध्ये
वारा, तिच्या मनगटावरचं घड्याळ,
एक गिळलेला आवंढा,
आणि खाली वळणावर कण्हत गेलेली ट्राम.
यातलं काहीच लेखकानं लिहिलेलं नव्हतं.
सहाशे पानांत मला पटलेली जागा तेवढीच.

ठेवली.

जानेवारीत कुल्दिगाहून फोन आला.
आर्विद्स, वय ब्याऐंशी, जन्मांध.
तक्रार असणार म्हणून मी वही ओढली.
‘यंत्राला चापट मारायला हात उचलला,’ तो म्हणाला,
‘तेवढ्यात ट्राम आली. तुमच्या गावचीच ना ती?
एकदा त्या वळणावर मी उतरायला हवं होतं.’
‘मग?’
‘बसून राहिलो.’
त्यानंतर फोनवर आम्ही दोघंही गप्प.
किती सेकंद, ते मोजलं नाही.

वेल्टाला यातलं काही सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी काळा पाव आणि चीज घेऊन गेलो,
म्हटलं, खाऊन घे आधी,
तुझं पोट फार बोलतं.